उतरणीचा हिशेब

पाटणहून चिपळूणकडे जाणारा रस्ता हेळवाक मागे टाकून कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी येतो आणि तेथून पोफळीपर्यंत तो केवळ उतरत जातो. या घाटात जड वाहने चालवणाऱ्यांचा एक जुना नियम आहे : ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. हा नियम सर्वांना पाठ असला तरी सर्वांना मान्य असतोच असे नाही. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडणारे असतात. सारखा ब्रेक दाबून तो तापवणारे असतात. आणि ब्रेकला पाय न लावता इंजिनाच्या ओढीवरच गाडी रोखून धरणारे मुरलेले चालकही असतात. घाटाच्या माथ्यावर चहाची गाडी असेल तेथे हा वाद कधी ना कधी कानावर पडतो. त्यात प्रत्येकाची बाजू थोडीफार खरी असते.

हाच वाद गेली साठाहून अधिक वर्षे आकाशातही चालू आहे, हे मात्र आपल्याला सहसा ठाऊक नसते. जेट विमान एकाच वेळी खाली कसे आणावे आणि त्याचा वेग कसा कमी करावा, हा वैमानिकांमधील जुना आणि न संपलेला वाद आहे. या वादाचा पाटणशी संबंध केवळ उपमेपुरता नाही. बंगळुरूहून मुंबईकडे काढलेली सरळ रेषा कराड-पाटणच्या आसपासूनच जाते आणि पाटणपासून मुंबईचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे २२० किलोमीटरवर आहे. वैमानिकांचा एक ढोबळ आडाखा असा की, दर १,००० फूट उतरायला ३ सागरी मैल लागतात. म्हणजे ३५,००० फुटांवरून उतरायला १०५ सागरी मैल, आणि वेग कमी करण्यासाठी वर आणखी दहाबारा मैल. हे अंतर किलोमीटरमध्ये मांडले तर ते २१५-२२० च्या आसपास येते. तेव्हा मुंबईला निघालेले विमान सह्याद्रीच्या या भागावर असतानाच वैमानिकाला उतरण्याचा निर्णय घ्यावा लागतो. खाली आपल्याला दिसतो तो केवळ एक सरकता दिवा. वर मात्र हिशेब सुरू झालेला असतो.

हा हिशेब मुळात ऊर्जेचा आहे. कोयनेच्या पाण्याकडे पाहिले की तो चटकन कळतो. शिवसागर जलाशयातील पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे शेकडो मीटर खाली सोडले जाते आणि त्याच्या उंचीची वीज होते. विमानाच्या उंचीतही अशीच ऊर्जा साठलेली असते. पण ती झेलून घ्यायला खाली कोणतेही जनित्र नसते. ती हवेच्या विरोधातच खर्च करावी लागते. त्यात वेगाची ऊर्जा वेगळी. ३५,००० फुटांवर ४५० नॉटने जाणाऱ्या विमानाच्या वेगातील ऊर्जा उंचीच्या भाषेत सांगायची तर सुमारे ९,००० फुटांइतकी भरते. खाली आल्यावर ३०० नॉटवरून २०० नॉटवर येणे म्हणजे आणखी सुमारे २,२०० फूट उतरण्याइतकेच काम असते. त्यामुळे वैमानिकांत एक साधे वचन रूढ आहे : विमान एक तर खाली येईल, नाही तर हळू होईल, दोन्ही एकदम करायला सांगाल तर ते ऐकणार नाही.

पंख्याच्या विमानांना ही अडचण एवढी जाणवत नव्हती. इंजिन मंद केले की फिरता पंखाच मोठ्या थाळीसारखा हवेला अडवत असे. जेट इंजिन मंद केले तरी थोडाबहुत रेटा देतच राहते, आणि जेट विमानाचा सांगाडाही हवेत घसरत जाण्यासाठीच घडवलेला असतो. त्याहून मोठा फरक असा की, सुरुवातीच्या जेट इंजिनांना मंद स्थितीतून पूर्ण शक्तीवर यायला काही सेकंद लागत. पंख्याच्या विमानांवर घडलेल्या वैमानिकाचा हात या विलंबाला सरावलेला नव्हता.

भारतात हे युग २१ फेब्रुवारी १९६० रोजी आले. एअर इंडियाने त्या दिवशी ‘गौरीशंकर’ हे बोइंग ७०७ सेवेत दाखल केले आणि ती जेट विमान बाळगणारी आशियातील पहिली विमानकंपनी ठरली. जून १९६२मध्ये तिचा सगळा ताफा जेट विमानांचा झाला. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून जुहूला पहिली टपाल आणली, त्या घटनेला तेव्हा तीस वर्षेही पुरी झाली नव्हती. आपल्याकडे या इतिहासाचे वर्णन बहुधा चढत्या कमानीच्या रूपात केले जाते. आपली भाषाच तशी आहे : ‘चढती कमान’ गौरवाची आणि ‘उतरती कळा’ ऱ्हासाची. उतरण्यात कौशल्य असते आणि कदाचित चढण्याहून अधिक असते, हे सांगणारा शब्द आपल्याला संगीतातल्या ‘अवरोहा’पाशी शोधावा लागतो. विमानविद्येने मात्र उतरण्याची किंमत फार लवकर ओळखली, कारण ती तिला मोजावी लागली.

एअर इंडियाचा ताफा पूर्णपणे जेट झाल्यावर महिना उलटायच्या आतच, ७ जुलै १९६२च्या मध्यरात्रीनंतर, अलितालिया या इटालियन कंपनीचे डीसी-८ जातीचे विमान बँकॉकहून मुंबईला येत असताना जुन्नर परिसरातील डोंगरावर आदळले. विमानातील ९४ही माणसे मरण पावली. पावसाळ्यातली काळोखी रात्र होती. आपण मुंबईच्या जवळ आलो आहोत अशी वैमानिकाची समजूत झाली होती आणि त्या समजुतीवर तो वेळेआधीच खाली उतरला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. उपलब्ध दिशादर्शक साधनांचा पुरेसा उपयोग न करणे, ठरलेल्या किमान सुरक्षित उंचीच्या खाली येणे आणि या मुलुखाची माहिती नसणे, याही गोष्टी त्यात नोंदल्या गेल्या.

येथे आपण वर सांगितलेला आडाखा लावून पाहावा. त्या ठिकाणाहून मुंबई अजून ऐंशीहून अधिक किलोमीटर, म्हणजे सुमारे ४५ सागरी मैल दूर होती. तीनाला एक या हिशेबाने विमान तेथे १५,००० फुटांच्या आसपास असायला हवे होते. ते आदळले तो डोंगर सुमारे ३,६०० फूट उंच होता. अकरा हजार फुटांची ही तफावत उतरण्याच्या पद्धतीतली नाही. आपण कोठे आहोत याच्या ज्ञानातली आहे. उतरण कितीही सफाईदार असली तरी ती चुकीच्या जागी सुरू झाली, तर सफाईचा काही उपयोग नसतो. सह्याद्रीत राहणाऱ्या माणसाला हे सांगायला नको. धुक्यात घाटाचे वळण ओळखता आले नाही, तर ब्रेक उत्तम असून भागत नाही.

याच काळात पद्धतींचा वादही रंगात आला होता. जादा ऊर्जा कोठे आणि कशी खर्च करावी, याबाबत विमाने बांधणाऱ्यांतच एकमत नव्हते. बोइंग ७०७ला पंखांवर उभ्या राहणाऱ्या पट्ट्या होत्या. त्यांना वैमानिक स्पीडब्रेक म्हणतात. डीसी-८मध्ये उडत असताना आतल्या बाजूच्या दोन इंजिनांचा रेटा उलटा फिरवण्याची सोय होती. वैमानिकांतही दोन पक्ष पडले, आणि ते आजही आहेत. एक पक्ष म्हणतो : उंच राहिला असाल तर वेग वाढवून, स्पीडब्रेक उघडून आधी खाली या, हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून जादा वेगात उंची लवकर झडते. दुसरा पक्ष म्हणतो : तो वेग शेवटी तुम्हालाच फेडायचा आहे, म्हणून आधी थोडे सपाट राहून वेग कमी करा, मग चाके बाहेर काढा आणि तीव्र कोनात उतरा. पहिल्याचे म्हणणे विमानतळ दूर असताना खरे ठरते, दुसऱ्याचे जवळ आल्यावर. वाद खरा आहे तो ‘दूर’ आणि ‘जवळ’ यांच्यामधल्या पट्ट्यात.

या वादात काही गोष्टी सामान्य समजुतीच्या उलट आहेत. भरलेले विमान रिकाम्या विमानापेक्षा लवकर खाली येईल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्याच वेगाने उतरताना जड विमान अधिक लांबवर घसरत जाते, म्हणून ते आधीपासून उतरवायला घ्यावे लागते. पाठीमागून वारा असेल तर आणखी आधी. स्पीडब्रेक वापरणे ही कमीपणाची गोष्ट मानणारे वैमानिक असतात. त्यांच्या मते तो नियोजन चुकल्याचा कबुलीजबाब असतो. उलट, नियंत्रकाने ऐनवेळी मार्ग आखूड केला तर ब्रेक वापरण्यात लाज कसली, असे विचारणारेही असतात. १९७३च्या तेलसंकटानंतर या वादात पैशाची भर पडली. इंजिन मंद ठेवून एका दमात, मध्ये सपाट पायरी न घेता उतरले तर इंधन वाचते आणि खालच्या वस्तीला आवाजही कमी होतो. पायरी-पायरीने उतरणे मात्र नियंत्रकाला सोयीचे असते. घाटातल्या ‘न्यूट्रल’वाल्या चालकाचा युक्तिवाद येथे सभ्य आणि शास्त्रशुद्ध रूपात परत येतो. त्याच्या युक्तिवादाला असलेला धोका इथे नाही, कारण मंद इंजिनाचे विमान ताब्यातच असते. पण काटकसरीचा मोह निर्णयावर दाब टाकतो, एवढे साम्य उरते.

काही वाद मृत्यूंनी मिटवले. १६ डिसेंबर १९६० रोजी न्यूयॉर्कवर दोन विमानांची टक्कर झाली. त्यांतील जेट विमान ठरलेल्या जागी ठरल्याहून फार वेगाने आले होते. विमानांतील १२८ आणि जमिनीवरील ६ माणसे गेली. पुढे अमेरिकेत १०,००० फुटांखाली २५० नॉट ही वेगमर्यादा रूढ झाली आणि जगात अन्यत्रही ती पाळली जाऊ लागली. ११ नोव्हेंबर १९६५ रोजी सॉल्ट लेक सिटी येथे बोइंग ७२७ प्रमाणाबाहेर वेगाने खाली येऊन धावपट्टीच्या अलीकडेच आपटले. ४३ माणसे मेली. या अपघाताच्या वृत्तान्तातील एक तपशील मनातून जात नाही. सहवैमानिकाने इंजिनांची शक्ती वाढवण्यासाठी हात पुढे केला आणि मुख्य वैमानिकाने तो बाजूला सारला. काही सेकंदांनी मुख्य वैमानिकाने स्वतःच शक्ती मागितली, तेव्हा इंजिने ती देईपर्यंत वेळ उरला नव्हता. १९६७मध्ये डी. पी. डेव्हिस या ब्रिटिश चाचणी-वैमानिकाचे मोठी जेट विमाने हाताळण्यावरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ते पिढ्यानपिढ्या वैमानिकांच्या हाती राहिले. पण त्या बाजूला सारलेल्या हाताचे उत्तर केवळ हाताळणीच्या पाठात मिळणारे नव्हते.

साहित्याच्या अभ्यासकांना ज्या अपघाताने अधिक अस्वस्थ करावे, तो आपल्या मुंबईहून निघालेल्या विमानाचा आहे. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ दिल्ली, बैरूतमार्गे जिनिव्हाला उतरत असताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. ११७ जण मृत्युमुखी पडले, डॉ. होमी भाभा त्यांत होते. १९५०मध्ये याच पर्वतावर एअर इंडियाचेच ‘मलबार प्रिन्सेस’ कोसळले होते, म्हणून या घटनेभोवती योगायोगाच्या आणि कटाच्या कथा पुष्कळ वाढल्या. अधिकृत चौकशीतून पुढे आलेली गोष्ट त्या कथांहून साधी आहे, आणि अधिक भयंकरही. विमानातील एक दिशादर्शक यंत्र नादुरुस्त होते. आपण शिखराची रांग ओलांडली आहे, असा वैमानिकाचा समज झाला होता. जमिनीवरील नियंत्रकाला ही चूक रडारवर दिसली. त्याने ती सुधारेल असा संदेशही दिला. पण त्या संदेशाची शब्दयोजना पुरेशी नेमकी नव्हती. वैमानिकाने त्यातून उलटाच अर्थ घेतला आणि तो उतरत राहिला.

येथेही तीनाला एकचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. माँ ब्लाँपासून जिनिव्हाचा विमानतळ सुमारे ४० सागरी मैलांवर आहे. म्हणजे सुमारे १३,३०० फूट, आणि त्यात विमानतळाची स्वतःची सुमारे १,४०० फूट उंची. शिखर पंधरा हजार सातशे फुटांच्या वर आहे. तेव्हा विमान आदळले त्या क्षणी ते अंतराच्या हिशेबाने खाली नव्हतेच. थोडे वरच होते. जुन्नरला साध्या गुणाकाराने विमान वाचले असते. माँ ब्लाँला गुणाकार बरोबर असूनही वाचले नसते. तेथे हवे होते ते एक निःसंदिग्ध वाक्य : पर्वत अजून तुमच्या पुढे आहे. ज्याला ठाऊक होते त्याने सांगितले, ज्याला हवे होते त्याने ऐकले, तरीही अर्थ पोचला नाही.

१ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ याचीच दुसरी आवृत्ती घडली. नियंत्रकाने उतरण्याच्या मार्गाला परवानगी दिली. त्या परवानगीचा अर्थ ‘आता शेवटच्या उंचीपर्यंत खाली जायला हरकत नाही’ असा वैमानिकांनी घेतला आणि विमान डोंगरावर आदळले. ९२ माणसे गेली. जमीन जवळ येत असल्याचा इशारा देणारे यंत्र अमेरिकेत सक्तीचे झाले ते यानंतर. आणि ‘परवानगी’ या एका शब्दाच्या व्याप्तीचा खल करावा लागला तोही यानंतरच. शब्दाचा अर्थ वक्त्याच्या मनात असतो की श्रोत्याच्या, हा प्रश्न आपण वर्गात सौंदर्यशास्त्राचा म्हणून शिकवतो. त्याचे असेही एक क्षेत्र आहे, जेथे उत्तर चुकले तर माणसे मरतात.

१९७९मध्ये नासाने भरवलेल्या एका कार्यशाळेपासून वैमानिककक्षातील परस्परसंवाद हा स्वतंत्र प्रशिक्षणाचा विषय बनला. सहवैमानिकाने शंका बोलून दाखवलीच पाहिजे, आणि मुख्य वैमानिकाने ती ऐकलीच पाहिजे, हे शिकवले जाऊ लागले. आपल्यासारख्या समाजात हे शिकणे सोपे नाही. मराठीत वडीलधाऱ्याला किंवा वरिष्ठाला चूक दाखवायची तर आपण ती प्रश्नार्थक करतो, ‘जरा’, ‘म्हटलं’, ‘आपल्याला वाटत असेल तर’ अशा मऊ शब्दांत गुंडाळतो. या शालीनतेला आपल्या व्यवहारात मोल आहे. पण जमीन वर येत असताना वाक्य संपेपर्यंतही वेळ नसतो. म्हणून विमानातील वाक्ये ठरीव केली गेली : उंचीचा आकडा, वेगाचा आकडा, आणि शेवटी ‘गो-अराउंड’, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चला. त्याबरोबर एक नियमही सर्वमान्य झाला. साधारणतः १,००० फुटांपर्यंत विमानाचा वेग, कोन आणि घडण स्थिर झालेली नसेल, तर कोणाचाही मान न राखता परत वर जायचे.

तरीही २१ जून १९८२च्या पावसाळी रात्री मुंबईला उतरताना एअर इंडियाचे बोइंग ७०७ धावपट्टीवर आपटून मोडले. उंचीचे भान सुटले, इंजिनांची शक्ती ऐनवेळी कमी केली गेली आणि उतरण्याचा वेग प्रमाणाबाहेर वाढला, असे चौकशीत आढळले. १११ पैकी १७ जण दगावले. ते विमान ‘गौरीशंकर’ होते : बावीस वर्षांपूर्वी भारतात जेटयुग आणणारे.

आणि २२ मे २०१०ची सकाळ. दुबईहून मंगळूरला येणारे एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ उंच राहिले. मंगळूरचे रडार बंद असल्याने उतरण्याची परवानगी उशिरा मिळाली होती. मुख्य वैमानिक प्रवासाचा बराच काळ झोपलेला होता. उंची घालवण्यासाठी चाके आणि स्पीडब्रेक लवकर बाहेर काढले गेले. वर सांगितलेल्या दोन्ही पक्षांची साधने वापरून झाली, तरी अंतिम टप्प्यात विमान असायला हवे त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर होते. सहवैमानिकाने तीन वेळा ‘गो-अराउंड’ म्हटले. यंत्रही बजावत राहिले. सुमारे ८,००० फुटांच्या धावपट्टीवर विमान ५,२०० फूट आत जाऊन टेकले आणि पठाराच्या कडेवरून खाली गेले. १६६ पैकी १५८ माणसे मृत्युमुखी पडली.

या पन्नास वर्षांच्या घटना एका ओळीत ठेवून पाहिल्या की वैमानिकांच्या वादाचे स्वरूप बदललेले दिसते. जुन्नरला योग्य वेळी बोलणारेच कोणी नव्हते. सॉल्ट लेकला बोलण्याऐवजी हात पुढे झाला आणि तो सारला गेला. माँ ब्लाँला शब्द होते, पण नेमके नव्हते. मंगळूरला शब्द नेमके होते, ठरवून दिलेले होते, तीनदा उच्चारले गेले होते. त्यांना मान देण्याचेच तेवढे राहिले. स्पीडब्रेक आधी की चाके आधी, हा वाद तज्ज्ञ घालोत. तो घालणे आवश्यकही आहे, कारण त्याच वादातून चांगला वैमानिक घडतो. परंतु या इतिहासात माणसे मेली ती बहुधा त्या वादात चुकीचा पक्ष घेतल्यामुळे नाहीत. पद्धत फसल्यावर ती सोडून देण्याची तयारी नव्हती, किंवा ती फसल्याचे सांगणाऱ्याचे ऐकले गेले नाही, म्हणून मेली. भाषा नेमकी करणे हे अर्धेच काम असते, ही गोष्ट भाषा शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना फारशी रुचणारी नाही. पण मंगळूरच्या अहवालातून ती टाळता येत नाही.

पावसाळ्यात कुंभार्लीच्या घाटात एस.टी. उतरू लागली की धुक्यात पुढचे काही दिसत नाही. अशा वेळी कंडक्टर पुढे येऊन चालकाशेजारी उभा राहतो आणि कडेवर नजर ठेवून ‘थोडं डाव्या अंगाला’, ‘समोरून ट्रक’, ‘थांबा’ असे तुटक शब्दांत सांगत राहतो. चालक वयाने आणि अनुभवाने मोठा असतो. तरी ‘थांबा’ हा शब्द आला की तो वळून पाहत नाही, कारणही विचारत नाही. आधी ब्रेक दाबतो.